बोटीचा मुक्काम

ज्या माणसाने जन्मात कधी समुद्र पाहिला नाही, त्याच्याइतकं समुद्रावर बोलणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही. बारामतीत इंदापूर रस्त्याला, कालव्याच्या अलीकडे, त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि त्यांची बायको, वरच्या खोलीत भाडेकरू मी. सगळा रस्ता त्यांना आबा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला आक्का, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. डोक्यावर तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, आणि आवाज असा की अंगणात ते कुजबुजले तरी समोरच्या चहाच्या टपरीवर कळावं.

बारामतीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत हिंडत होते. एकटी बाई म्हटल्यावर प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न एकच, "मालक कुठं असतात?" त्या प्रश्नाचा मला इतका वैताग आला होता की आबांनी तो विचारला तेव्हा मी जरा तोडूनच म्हणाले, "नौदलात."

"बोटीवर का किनाऱ्यावर?"

हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. "बोटीवर," मी म्हणाले. "कंच्या बोटीवर?" मग मी सांगितलं, जिच्यावरून विमानं उडतात ती नवी मोठी बोट, नुकतीच सेवेत आली ती. आबा बाजेवरून उठून उभे राहिले. मग आत वळून त्यांनी हाक दिली, "आक्का, पोरीला चहा टाक. आन् त्या बँकेतल्या सायबाला सांगून टाक, खोली भरली म्हणून." भाडं किती, पाणी केव्हा येतं, हे मला दुसऱ्या दिवशी आक्कांकडून कळलं.

आबांचं घराणं सुप्याकडचं, मेंढपाळाचं. तरुणपणापर्यंत ते कळपामागे हिंडले. त्यांचा कळप कोकणात उतरत नसे, भीमेच्या काठाकाठाने जायचा, म्हणून समुद्र राहून गेला. पुढे मेंढरं विकली, जमीन बागायती झाली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि आबा बारामतीत येऊन बसले. बसून राहणं हे त्यांना कधीच जमलं नाही. अशात कुणीतरी त्यांना पेपरमधून वाचून दाखवलं, की एक नवी बोट बांधतायत, तिच्यावर गावाएवढी माणसं राहतात, भटारखाना आहे, दवाखाना आहे, आणि हे सगळं घेऊन ती चालत राहते. आबा म्हणाले, "मग ती आमच्यातलीच की. घरदार पाठीवर आन् वाट पायाखाली." त्या दिवसापासून ती बोट त्यांची झाली.

मी राहायला गेले तोपर्यंत त्यांनी तिची सगळी व्यवस्था मेंढपाळाच्या हिशेबात बसवली होती. विमानं म्हणजे कळप. बोटीचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, तिथून विमान झेप घेतं. त्यात काय विशेष, बकरं बांधावरून उडी मारतंच की. सगळ्यात त्यांना आवडलेली गोष्ट म्हणजे विमान उतरतानाची. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, तो बोटीवर आडव्या लावलेल्या दोराला अडकतो आणि विमान जागच्या जागी थांबतं. माझ्या नवऱ्याने पहिल्या सुट्टीत त्यांना हे समजावून सांगितलं आणि पस्तावला. कारण आबांना ते फार लवकर समजलं. झाडाची फांदी खाली ओढायची त्यांची जुनी आकडी माळ्यावर होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजेचा दोर काढून अंगणात आडवा बांधला, आकडी धोतराच्या कमरेला मागून खोचली, आणि टपरीवरच्या मंडळींना गोळा करून फाटकापासून धावत निघाले. पहिल्या खेपेला आकडी दोरावरून घसरली. दुसऱ्या खेपेला दोराने आकडी धरली, आकडीने धोतर धरलं, आणि आबा तेवढे पुढे गेले. आक्का आतून घोंगडी घेऊन धावत आल्या. आबा धुळीतून उठत, कपडे सावरत म्हणाले, "बघितलं का? दोर धरतो."

गर्दीतून तात्या म्हणाले, "दोर धरतो, पर इमान पुढं गेलं आन् धोतार मागं र्‍हायलं."

हे तात्या म्हणजे आबांचे जन्माचे दोस्त आणि जन्माचे वैरी. पणदऱ्याला ऊस, साखर कारखान्यात हयात गेलेली. कुठल्याही नव्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसायला एक हंगाम जावा लागे. आबा आणि तात्या रोज सकाळी त्या टपरीवर, लिंबाखालच्या बाकावर, एकाच कपातला चहा बशीत निम्मा निम्मा करून प्यायचे आणि बोटीवरून भांडायचे.

मला खरं सांगायचं तर आबांचा पहिल्या वर्षी रागच यायचा. रोज सकाळी जिन्याखाली उभे, "काय खबर?" म्हणून. आता नौदलातल्या माणसाच्या बायकोला पहिला धडा मिळतो तो हाच, की बोट कुठे आहे, केव्हा निघणार, हे कुणालाही सांगायचं नाही. बोट बाहेर गेली की नवऱ्याचा फोन बंद. तो बंद झाला एवढंच आपल्याला कळतं आणि तेही पोटात ठेवायचं असतं. आबांच्या कानावर एक शब्द पडला असता तर दुपारपर्यंत तो भिगवणला पोचला असता, अशी माझी खात्री होती. म्हणून मी रोज म्हणायचे, "काही नाही आबा, सगळं ठीक." मग ते टपरीवर जाऊन आपल्या मनाने बोट कधी अंदमानला न्यायचे, कधी आफ्रिकेला. मी वरून ऐकत असायचे आणि दात-ओठ खात शाळेला जायचे.

पण हाच माणूस, माझा फोन गप्प झालाय हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा. त्या दिवसापासून वर माझी चूल पेटत नसे. "एकटीनं जेवू न्हाय. कळप बाहीर असला की घरच्यांनी एकत्र जेवायचं," म्हणायचे आणि माझं ताट खाली वाढलेलं असायचं. कुठे गेलाय, केव्हा येणार, असलं काही त्या जेवणात ते विचारत नसत. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

एकदा मी त्यांना माझ्या माहेरी, डाळजला घेऊन गेले. आमच्या शेतापासून उजनी धरणाचं पाणी दिसतं. आबा काठावर उभे राहिले आणि माझ्या वडिलांना विचारलं, "हितं बोट मावंल का?" वडील म्हणाले, "मावंल, पर वळायची न्हाय." आबांना ते पटलं. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "ह्या पाण्याखाली आमची वाट हाय. मी कळप घिऊन गेलोय हितनं." त्यांच्या तोंडून बोटीशिवाय दुसरं काही मी त्या दिवशीच ऐकलं.

तात्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. बोट मोठ्या थाटात सेवेत आली तेव्हा तिच्यावर विमानं नव्हतीच, ती नंतर यायची होती. तात्या म्हणायचे, "आमच्या कारखान्यात नवा बॉयलर आणला तवाबी पेढे वाटले हुते. पयला हंगामभर त्यो निस्ता बघायला ठिवला हुता." मग काही महिन्यांनी तिच्यावर पहिली विमानं उतरल्याची बातमी आली, तेव्हा आबांनी सगळ्या टपरीला शेंगदाणे-गूळ वाटला. तात्यांनी मूठभर गूळ खाल्ला आणि म्हणाले, "ही चाचणी झाली. चाचणी हंगाम म्हंजी हंगाम न्हवं. विमानं घिऊन ती लांबच्या कामगिरीवर कवा जानार, ते सांग."

"पुढल्या शिमग्याच्या आत जाईल," आबा म्हणाले. कशाच्या आधारावर, ते त्यांनाच ठाऊक.

"आन् न्हाय गेली तर?"

"तर ह्यो पटका तुझ्या म्होरं उतरवीन."

बाकावरची माणसं आबांच्या पटक्याकडे बघू लागली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाने चार लोकांत डोक्यावरचं उतरवणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. तात्याही जरा चपापले. पण शब्द निघून गेला होता. बोट गेली की पेपरात येईलच, तोच पुरावा, असं ठरलं.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. शिमग्याला काही आठवडे राहिले असताना मी दवाखान्यात तपासणीला गेले, आणि माझा फोन बंद पडला. त्याच तासाभरात नवऱ्याला दोन मिनिटं मिळाली. माझा फोन लागेना म्हणून त्याने आबांना लावला. आबांना फोन कानाला लावायची सवय नव्हती. ते तो तळहातावर ठेवायचे, स्पीकर लावून. नवरा घाईत म्हणाला, "आबा, तिला सांगा, आज निघतोय. या खेपेला विमानं घेऊन, लांब. बरेच दिवस फोन होणार नाही, काळजी करू नका म्हणावं." आणि फोन ठेवला. ते बोलणं झालं तेव्हा अंगणात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

मी घरी आले तर आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. खोलीत आले, दार लोटलं, आणि सगळं मला सांगितलं. मी त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता. सांगून झाल्यावर म्हणाले, "आन् हे आता हितंच र्‍हायलं."

मी मनात म्हटलं, राहील संध्याकाळपर्यंत. पैज जिंकल्याची खबर हातात आलेला हा माणूस किती वेळ कळ काढणार? त्या रात्री मला झोप लागली नाही. नवऱ्याची काळजी होतीच, पण आबांच्या तोंडाची जास्त होती. सकाळी आबा टपरीवर गेले तेव्हा मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते. तात्यांनी विचारलं, "काय, निघाली का बोट?" आबा म्हणाले, "पेपरात काय हाय का?" "न्हाय." "मग न्हाय."

पुढचे सगळे दिवस हेच. रोज पेपर यायचा, रोज तात्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे. बोटीचं नाव नाही. नौदल असल्या गोष्टी आधी जाहीर करत नाही, हे मला माहीत होतं, आता आबांनाही कळलं होतं. बोट विमानांसकट दूर कुठेतरी होती, आबांनी पैज केव्हाच जिंकलेली होती, आणि ते रोज जाऊन हरत होते.

शिमग्याच्या दिवशी सकाळी टपरीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मी गॅलरीतून बघितलं आणि मला राहवेना. अवघडलेल्या पोटाने जिना उतरून फाटकापर्यंत गेले. काय सांगणार होते कोण जाणे, मलाही तोंड उघडायची परवानगी नव्हतीच. आबांनी मला बघितलं आणि हाताचा पंजा नुसता वर केला, थांब म्हणून. मग पटका उतरवला. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. कपाळाची खालची बाजू रापलेली आणि वरची गोरी, लहान मुलासारखी.

तात्या म्हणाले, "आबा, र्‍हाऊ दे की. चेष्टा हुती ती."

"चेष्टा नव्हती. धर," म्हणून आबांनी पटक्याची घडी करून तात्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोडक्या डोक्याने रस्ता ओलांडून घरी आले. कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडले. रडू येत होतं म्हणून जास्तच चिडले. "निदान तात्यांच्या कानात सांगायचं होतंत. तुमचे दोस्त आहेत ना ते?"

"दोस्त हाय म्हणून तर न्हाय सांगितलं. एवढं वझं त्याच्या डोक्यावर कशाला?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पोरी, मेंढक्याला वाट विचारावी, मुक्काम विचारू न्हाय. आन् कुणी विचारला तर मेंढक्यानं सांगू न्हाय. रात्रीचा तळ कुठं पडणार, हे वाटंवर कुणाला बोलायचं न्हाय, सोयऱ्यालाबी. माझ्या चुलत्यानं एकदा सुप्याच्या बाजारात मोठेपणा करून सांगितलं. पहाटं उठून बघतोय तर निम्मी मेंढरं चोरांनी नेलेली. त्या मेंढरांचं काय, दुसरी इकत घेतली. पर हितं तुझा मालक हाय."

"आणि रोज टपरीवर अंदमान, आफ्रिका करत होतात ते?"

"ते खोटं हुतं की. खोटं बोलायला काय हरकत हाय?"

दोन वर्षं ज्या माणसाला मी बडबड्या समजून टाळत होते, त्याच्या हातात माझा नवरा आणि ती अख्खी बोट सुखरूप होती.

पटका गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पुतण्याच्या लग्नाला ते सुप्याला गेले, तर बोडकं डोकं बघून भावकीतल्या बायका घाबरल्या, "कोण गेलं?" म्हणून विचारू लागल्या. आबांना प्रत्येकीला सांगावं लागलं, कुणी गेलं नाही, पैज हरलो. दुसरा पटका घ्या म्हणून आक्का मागे लागल्या. "उतरवलेला हाय, इकत घिऊन कसा घालू?" म्हणाले. ऊन वाढलं तसा ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसायचे. टपरीवर मात्र रोज जायचे. बोटीबद्दल अवाक्षर नाही. उसाच्या भावावर भांडायचं ठरवलं होतं दोघांनी, पण त्यात काही राम नव्हता.

माझ्या कळा सुरू झाल्या त्या दुपारी डाळजहून आई यायच्या आत आबा-आक्काच मला दवाखान्यात घेऊन गेले. मुलगी झाली. बापाचा फोन अजून बंदच होता. आबा वॉर्डाच्या दारात बसून होते. नर्सने विचारलं, "तुम्ही कोण मुलीचे?" तर म्हणाले, "घरमालक." तिने दार लावायला घेतलं, तेव्हा मी आतून ओरडून सांगितलं, माझे वडील आहेत, आत येऊ दे. माझे खरे वडील त्याच वेळी जिना चढत होते. त्यांनीही ते ऐकलं आणि काही हरकत घेतली नाही.

बाळ काही आठवड्यांचं झालं आणि एका सकाळी तात्या आमच्या अंगणात आले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पटका, धुऊन इस्त्री केलेला. पेपरात बोटीचा फोटो होता, वर विमानं ओळीने उभी. कामगिरी पुरी करून बोट बंदराकडे वळली होती, आणि बातमीत लिहिलं होतं की ती शिमग्याच्या कितीतरी आधी निघालेली होती. तात्यांनी आबांना बाजेवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्याला पटका बांधला. बांधून झाल्यावर विचारलं, "तुला ठाव हुतं?"

"मला कसं ठाव असनार? मी काय नेव्हीत हाय?"

मी बाळाला घेऊन दारात उभी होते. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "पोरी, लेकरू रडतंय, आत ने." लेकरू गाढ झोपलं होतं.

नंतर मी विचारलं, आता तर पेपरात आलं, आता सांगायला काय झालं? आबा म्हणाले, "आज सांगितलं तर पुढल्या बारीला मी गप बसलो की लोकं समजतील, निघाली बोट." एवढा विचार मी आणि माझ्या नवऱ्याने मिळूनही केला नव्हता.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही बारसं केलं, आबांच्याच अंगणात. बायका पाळण्यापाशी होत्या. पुरुष मंडळी पांगली होती आणि बाजेवर आबा आणि तात्या एका कपातला चहा बशीत ओतून पीत होते. मी पटक्याची सगळी हकिगत नवऱ्याला आदल्या दिवशी सांगितली होती. तो सरळ गेला आणि आबांच्या पायाशी खाली बसला. शेजारी तात्या आहेत याचंही त्याला भान नव्हतं. "आबा, त्या दिवशी फोनवर मी बोलायला नको होतं ते बोललो. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तरी तुम्ही चार लोकांत..."

मी पाळण्यापासून धावत निघाले, पण बोलून झालं होतं.

आबांनी बशी खाली ठेवली. "कंच्या दिवशी? त्या फोनला नुसती खरखर हुती. मला तर काय बी ऐकू आलं न्हाय."

तात्यांच्या हातातली बशी तोंडाशी थांबली होती. आबांच्या पटक्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे, मग माझ्याकडे त्यांनी बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मग उरलेला चहा त्यांनी सावकाश पिऊन टाकला, बशी आबांच्या बशीवर ठेवली, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मलाबी काय ऐकू आलं न्हाय."